घरी आलू आल्यात

आमच्या भागातला माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत चार भाषा बोलतो आणि चारींत चुकतो. गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भाव ठरतो दखनी उर्दूत, शिवी जाते कानडीत, घरात मराठी, आणि औरादच्या पलीकडचा शेतकरी आला की तेलुगूत मान डोलवायची. बाहेरगावची माणसं याचं मोठं कौतुक करतात. मला त्या कौतुकाचा राग येतो. या चार भाषांनी मिळून माझा संसार मोडायला काढला होता, आणि तोही आलूपायी.

मी अंकुशराव, बीदरच्या गंजात बसलिंगप्पांच्या आडतीवर मापाडी. गोष्ट लढाईच्या दिवसांतली. लढाई तिकडे कुठे तरी लांब चालली होती, पण इकडे राकेल मिळेना, कापड मिळेना. जो तो काट्याशी येऊन मला विचारायचा, "अंकुशण्णा, कधी संपायची हो?" जसं काही मीच ती पोत्यात भरून ठेवली होती.

घर मैलूरला, तांबड्या जांभ्या खडकावर. खडकावर म्हणजे अगदी खडकावरच. घर संपलं की मागे अंगण, आणि अंगण म्हणजे एक अखंड सपाट दगड. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं, तेवढीच काय ती हिरवळ. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी बिनजमिनीच्या घरातला. पायाला माती लागली की पाय धुवायचे, एवढाच माझा आणि मातीचा संबंध.

राजूबाई, माझी बायको, मात्र काळ्या रानातली. तिचं माहेर औरादच्या पलीकडे, मराठी संपत आली आणि तेलुगू सुरू झाली अशा शिवेवरच्या गावात. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी ती मागच्या अंगणात गेली, पायानं दगड दाबून बघितला आणि मला म्हणाली, "आवं, माती कुटाय?" मी म्हटलं, "माती कशाला पायजे?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घरात पाणीच नाही म्हणालो.

तिनं हरतऱ्हेनं करून बघितलं. पदरातून माती आणून मेथी टाकली, ती पहिल्या सरीत वाहून गेली. फुटक्या तव्यात कोथिंबीर लावली, ती उन्हानं करपली. हे चालू असताना वर्षं जात होती आणि आमच्या घरात पाळणाही हलला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळतं, तिलाही कळत असणार. पण मनाला कळत नाही, त्याला काय करता?

तिचा खरा सण येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळे रानात. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाटे धरायला लागलेला, म्हणजे काळी आई पोटुशी. तिला डोहाळे लागलेले म्हणून आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे करायचे, रानात पाच दगड मांडून चुना लावायचा, पूजा करायची आणि रानाची ओटी भरायची, जशी पोटुश्या बाईची भरतात तशीच. ज्याला जमीन नाही त्यानं कुणाच्या तरी रानात जेवायला जायचं. राजूबाई दर वर्षी येळवसला माहेरी जायची. रानाची ओटी ती भरायची, आणि परत आली की दोन दिवस तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास यायचा. मी त्या दोन दिवसांची वाट बघायचो. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी आमच्यात सांगत नाहीत.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी ती फुटक्या घागरीत झेंडूचं बी टाकत बसली होती. माझी आत्या, कमलबाई, आमच्याकडेच राहायची. आत्या वाईट नव्हती, पण तिची जीभ तिच्या पुढे चालायची. दारात उभी राहून ती म्हणाली, "जाऊ दे गं राजू. खडकावर कुटं काय उगवतंय व्हय?"

झेंडूविषयीच म्हणाली असेल. पण राजूबाई उठली, हात धुतले आणि गाठोडं बांधलं. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती उंबऱ्याशी बसली होती.

"तुझ्या दादाचा निरोप आलाय का?" मी विचारलं.

"न्हाई. मीच जायलेय."

"आताच? येळवसला अजून अवकाश हाय."

"जितं माझ्या हातचं काय बी उगवत न्हाई तितं बसून काय करू?" ती म्हणाली. आणि मग उठताना "जाते" म्हणाली. घरातून निघणारं माणूस "येते" म्हणतं. राजूबाई एवढ्या वर्षांत शेजारी ताक आणायला गेली तरी "येते" म्हणायची.

ती गेल्यावर घर फार मोठं झालं. मी आडतीवरून आलो की सवयीनं दारातच "आलो गं" म्हणायचो आणि आतून आत्या म्हणायची, "मला कशाला सांगायलास?" तिची चोळी खुंटीवर राहिली होती, ती मी काढली नाही. पाणी प्यायचो तेसुद्धा तिच्याच तांब्यानं. गंजात पोत्यांची थप्पी मोजताना मधेच थांबायचो, आणि बसलिंगप्पा म्हणायचे, "अंकुशराव, मन कुठं ठेवलं?" मन औरादच्या पलीकडे होतं, पण मालकाला असं सांगता येतं का? दसऱ्याला मी आणायला जायचं म्हणत होतो, पण गेलो नाही. जाऊन काय सांगणार? चल, तुझा दगड तसाच आहे?

आत्यानं तेवढ्यात एक पोरगी बघून ठेवली. मी एवढा ओरडलो की शेजारचे बाहेर आले. आत्या रुसली आणि माझ्यासाठी नव्हे तर घराण्यासाठी म्हणून गाणगापूरला दत्ताच्या सेवेला जाऊन बसली. मग घरात मी एकटाच उरलो.

आता आलूकडे येतो. आडतीवर रेल्वेनं आलूची पोती यायची. हैदराबादकडून, कधी पुण्याकडून. मराठीत बटाटा म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण गंजात सगळे आलूच म्हणायचे, आणि भांडण सगळं तिथेच आहे. कोजागिरीच्या सुमारास वखारीच्या कोपऱ्यात एक जुनं पोतं सापडलं. तळाला राहिलेल्या आलूंना मोड आले होते आणि ते मोड तागाच्या विणीतून बाहेर निघून खिडकीच्या दिशेनं गेले होते. वखारीची जमीन फरशीची. खाली माती नाही, वर माती नाही, पोत्यात नुसता झाडलोटीचा भुसा. आणि त्यातून हे पांढरे कोंब निघाले होते, उजेड शोधत. मी त्या पोत्याजवळ किती वेळ उकिडवा बसलो होतो कुणास ठाऊक. राजूबाईला इथे उभी करून दाखवावं असं वाटलं. बघ, म्हणावं, खडकावर उगवतंय.

बसलिंगप्पांना म्हटलं, "मालक, हे सडकं पोतं आन् थोडी रिकामी पोती मला द्या." ते म्हणाले, "न्या. भाजी करू नका, कडू लागेल." भाजी कोण करतोय!

आलू विकायला येणाऱ्या एका माळ्याला विचारून घेतलं. तळ्याचा सुकलेला गाळ डोक्यावरून घरी आणला. मैलूरमध्ये मला बघून लोक हसले. मापाडी कधी डोक्यावर ओझं घेत नाही, तो दुसऱ्यांना घ्यायला लावतो. गाळात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळली. पोत्यांची तोंडं बाहेरून खाली गुंडाळत गुंडाळत अर्ध्यावर आणली आणि तळाला वीतभर माती घातली. मोडाच्या आलूंच्या फोडी केल्या, प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे येतील अशा, आणि कापलेल्या अंगाला राख चोळली. डोळा वर करून मातीत ठेवल्या आणि वरून चार बोटं माती ओढली. पोती संपली तेव्हा राकेलचा जुना डबा घेतला, त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. शेजाऱ्यांकडे विहिरीची एक फाटकी मोट पडून होती, तीही मागून आणली. चामड्याची मोट त्या दगडावर म्हशीसारखी पसरून बसली.

पहिले दिवस काहीच दिसेना. मी सकाळी उठून आधी मागे जायचो, तोंड मग धुवायचो. आणि एक दिवस माती फुटली. एका पोत्यात सुरकुतलेलं, गडद हिरवं पान दिसलं. मी माणसासारखा माणूस, दगडावर पालथा पडून ते पान बघत होतो. राजूबाई नव्हती याचं मला त्या क्षणी जेवढं वाईट वाटलं, तेवढं ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

रोप वीतभर झालं की पोत्याची एक घडी उलगडायची आणि वरून माती घालायची, शेंड्याची पानं तेवढी बाहेर ठेवायची. पुन्हा वाढलं की पुन्हा घडी. माती चढेल तसा आलू धरतो. उघडा राहिला आणि ऊन लागलं तर हिरवा पडतो, कडू होतो. पाणी हाताच्या ओंजळीनं. एका पोत्याला मी मायेनं जास्त पाणी घातलं, ते कुजलं, घाण वास सुटला. त्या दिवशी मी जेवलो नाही. बाकीची मात्र भरली. थंडी पडली तशी पानं दाट झाली, आणि पोत्याच्या बाजूची वीण थोडी सैल करून हात आत घातला की गार मातीत बोटाला गोल काही तरी लागायचं. बघायचं नाही, नुसतं चाचपायचं आणि माती लोटून टाकायची. पोतं अंगानं फुगत चाललं होतं. पोटुशी, मी मनात म्हणालो. आणि मग मला ती कल्पना सुचली, जिच्यापायी पुढचं सगळं झालं.

येळवस! या वर्षी येळवस घरीच. पाच दगड अंगणात मांडायचे. राजूबाईनं स्वतःच्या घरी, स्वतःच्या खडकावर ओटी भरायची.

बंडेप्पा नावाचा गाडीवाला औरादकडून धान्य घेऊन आमच्या आडतीवर यायचा. कानडी माणूस, सरळ. त्याला मी म्हणालो, "बंडेप्पा, राजूबाईच्या गावाकडं कोण जातंय का?"

"औरादच्या बाजारात चंद्रम्मा असती, बांगड्या विकती. ती त्या गावाला जाती की."

"मंग तिला निरोप दे. म्हणावं, अंकुशरावच्या घरी आलू आल्यात. पोट भरलंय. येळवसला ओटी भराया ये."

"येवडंच?"

"येवडंच. राजूबाईला कळंल."

मला वाटलं ती हसेल. आलूची ओटी, म्हणेल, आमचं येडं माणूस. मी दोन रात्री ते हसणं ऐकत झोपलो.

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण इथेच सांगून टाकतो, मला गोष्टी दाबून ठेवता येत नाहीत. बंडेप्पानं निरोप अगदी जसाच्या तसा पोचवला, "घरी आलू आल्यात." त्याचा काही दोष नाही. पण चंद्रम्मा तेलुगू. तिनं जन्मात आलू खाल्लेला नव्हता. आणि तेलुगूत आलू म्हणजे बायको! कानडीत आम्ही आलूगड्डी म्हणतो, तेलुगूतही पुढे गड्डा लावतात. मी तो एक गड्डा लावला असता तर काही झालं नसतं. पण मी गंजातला शहाणा, मला आलू पुरे होता.

तर चंद्रम्मानं ऐकलं ते असं: अंकुशरावानं घरी दुसरी आणली, ती पोटुशी आहे, आणि पहिलीला ओटी भरायला बोलावलं आहे. ते तिनं आपल्या मोडक्या मराठीत, राजूबाईच्या हातात बांगड्या चढवता चढवता, जसंच्या तसं सांगितलं. राजूबाईचा दादा काठी घेऊन निघाला होता. तिनंच त्याला धरलं.

मला परत निरोप आला तो बंडेप्पाकडून. "येती म्हणाल्या अक्का. ओटीचं सामान त्याच आणणार. पण अण्णा, चंद्रम्मा मला लई बोलली बगा. म्हणती, तुमी बाप्ये सगळे एकाच मातीचे. मी काय केलं?"

"अरे, तिला काय कळतंय," मी म्हणालो आणि त्याला चहा पाजला. येते म्हणाली! 'येते' म्हणाली! त्या आनंदात मला चंद्रम्मा कशाला रागावली हे विचारायचं सुचलं नाही.

येळवसच्या आदल्या दिवशी मी दुपारीच आडतीवरून आलो. अंगण धुतलं, पाच दगड निवडून चुना कालवत बसलो होतो, तेवढ्यात पुढे गाडी थांबल्याचा आवाज आला. हात तसेच पांढरे घेऊन मी धावलो. राजूबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. वाळली होती. काखेत गाठोडं. गाडीवाला तिच्याच गावचा होता, त्याला ती म्हणाली, "बैल सोडू नगंस. मी लगीच येते."

"लगीच कशाला?" मी म्हणालो. "आत ये की."

ती पाहुणीसारखी आत आली आणि भिंतीशी उभी राहिली. खुंटीवर तिची चोळी तशीच होती. तिनं ती बघितली आणि मान वळवली.

"आत्या कुटं हायत?"

"गाणगापूरला."

"मंग घरात तुमीच?"

"आमीच की," मी हसून म्हणालो. मला वाटलं तीही हसेल.

"कुटं हाय?"

"मागं अंगणात हायत. उनात."

नंतर तिनं मला सांगितलं की त्या 'हायत'नं तिच्या काळजाचं पाणी झालं. एवढ्या वर्षांत मला कधी अहोजाहो केलं नाही, म्हणाली, आणि तिला दोन महिन्यांत 'हायत'! आता आलू पुष्कळ होते म्हणून मी 'हायत' म्हणालो, हे तिला कसं कळणार?

"कवापासनं?"

"तू गेलीस, त्याच्या मागंच. कोजागिरीला."

"लगीच!"

"मंग काय, थांबून चालतंय व्हय? थंडीच्या आत कराय लागतं."

ती खाली बसली. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. तिला प्रवासाचा शीण आला असेल म्हणून मी आपला बोलतच सुटलो. "लई जपलंय बग. लोक हसले मला. हसू देत. ऊन लागलं तर झाकायचं, पानी जास्त झालं तर तरास व्हतो. आता पोट असं भरलंय, येकदा बगशील तर..."

"बास," ती म्हणाली. तोंडाला पदर लावला होता. मग पदर काढून, अगदी नीट आवाजात म्हणाली, "माझं काय म्हननं न्हाई. तुमी केलं ते केलं. मला ओटी भरू द्या, मंग मी जाते. भांडाया आले न्हाई मी."

भांडायला? मला काही समजेना. तिनं गाठोडं सोडून ताट मागितलं. ताटात गहू, नारळ, हळदकुंकू, खण, हिरव्या बांगड्या. मी म्हणालो, "बांगड्या कशाला?" ती ताट घेऊन मागच्या दारातून अंगणात गेली आणि उभी राहिली.

दगडावर ओळीनं पोती उभी होती, फुगलेली, वर हिरवी पानं, काही आता पिवळी पडायला लागलेली. डबा, मोट. चुन्याचे ओले दगड. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"कुटं हाय?"

"ह्ये काय."

"बाई कुटं हाय म्हनते मी!"

"कोन बाई?"

तिनं ताट दगडावर ठेवलं, घरात गेली, दाराआड बघितलं, न्हाणीत बघितलं, माळ्यावर मान वर करून बघितलं आणि परत आली. "चंद्रम्मा म्हनली तुमच्या घरी दुसरी आलीय. पोटुशी हाय."

मला वाटलं माझ्या डोक्यावर कुणी धान्याचं पोतं सोडलं. "मी दुसरी आनली? मी आलूचा निरोप धाडला व्हता! घरी आलू आल्यात!"

तिच्या गावात तेलुगू रोज कानावर पडायची. तिला कळायला वेळ लागला नाही. "आलू," ती म्हणाली. "आगं बाई. आलू!" आणि जे हसायला लागली, ते दगडावरच बसली, डोळ्यांतून पाणी, थांबेचना. मीही हसलो. पोत्याच्या बाजूनं तिचा हात धरून आत घातला. तिची बोटं मातीत फिरली, थांबली, एका आलूवर मुठीसारखी मिटली. तिनं बराच वेळ हात काढला नाही. मग तसाच हात मातीत ठेवून ती म्हणाली, "त्या गाडीवाल्याला सांगा, बैल सोड म्हनावं. न्हाई तर जा म्हनावं. मी ऱ्हायलेय."

मी पुढे जाऊन सांगून आलो. पाय जमिनीला लागत नव्हते. परत आलो तर ती हसत नव्हती. ताटापाशी बसली होती आणि गाठोड्यातून राहिलेली एक गोष्ट काढून मांडीवर घेतली होती. लहान मुलाची कुंची होती. तिच्या लग्नाच्या शालूचा काठ मी ओळखला. तो कापून तिनं शिवली होती, आतून मऊ जुनं धोतर लावून.

"हे कवा शिवलंस?"

"निरोप आल्यावर." ती कुंचीच्या बंदाशी चाळा करत होती. "पयल्या दिवशी मी जेवले न्हाई. दुसऱ्या दिवशी तुमाला शिव्या दिल्या, लई. मंग म्हनलं, आवं, लेकरू तर तुमचंच हाय. थंडीचं व्हनार. त्याची आई कोन कुटली, कुंची शिवाया येतीय का न्हाई कुनाला ठावं. म्हनून शिवली."

मी तिच्याजवळ बसलो. मला वाटलं आता ती म्हणेल, बरं झालं, सवत नाही. ती तसं म्हणाली नाही.

"सवत न्हाई," ती म्हणाली. "न्हाई ते बरं झालं. पर आवं, घरात बगितलं, दाराआड बगितलं, कुनीच न्हाई. तवा माझ्या मनात काय आलं सांगू? सवत न्हाई तर न्हाई. लेकरू बी न्हाई."

गाणगापूरला बसलेली आत्या, खडक, ते झेंडूचं बी, सगळं मला एकदम आठवलं. ती मात्र रडत नव्हती.

"दोन दिस गाडीत बसून व्हते. येतंय का न्हाई आपल्याकडं, का आईलाच चिकटतंय, असंच मनात यायचं. रातचं रडलं तर मी घिईन म्हनलं. वाटंनं त्याला नाव बी ठिवलं मी."

"काय ठिवलंस?"

ती मग खाली बघून म्हणाली, "माझ्या तोंडानं कसं घिऊ?"

बाई दोनच नावं तोंडानं घेत नाही, नवऱ्याचं आणि सासऱ्याचं. माझं नाव ती माझ्या पोराला ठेवणार नव्हती. माझे वडील आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी गेले. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं तिनं केलं होतं, आणि तेव्हापासून आजवर त्यांचं नाव तिच्या ओठांवर आलेलं नव्हतं.

"उद्धव?" मी म्हणालो.

"व्हय."

तिनं कुंची घडी घालून छातीशी धरली. पुढे गाडीवाला बैल सोडत होता, घुंगरांचा आवाज येत होता.

"आजून येकदा म्हना," ती म्हणाली. "मला म्हनता येत न्हाई."

मी म्हणालो.